टोमॅटो सूप, श्रावण आणि अँडी वॉरहॉल

"अगं हे सूप कुठे, ही टोमॅटोची खीर झालीय." ताईने एक चमचा तोंडात घातला आणि सरळ फोडणीची कढली गॅसवर ठेवली. तूप, जिरं, एक हिरवी मिरची. तरी काही फरक पडला नाही, कारण आमच्या डोक्यात टोमॅटोचं सार असतं आणि कॅम्पबेलचं, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचं डबाबंद सूप म्हणजे वेगळंच प्रकरण. डब्यातून ते ओतावं लागत नाही, उलटा केला की एकदम भस्सकन डब्याच्या आकारातच बाहेर पडतं, अंगावरच्या वळ्यांसकट, आणि मग तोच डबा भरून पाणी घालायचं. कंडेन्स्ड म्हणजे पाणी काढून टाकलेलं, तुमचं पाणी तुम्ही घाला. १८९७ मध्ये जॉन डोरन्स नावाच्या केमिस्टने ही युक्ती काढली आणि त्यावर कंपनी मोठी झाली. ती न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची, म्हणजे ताई राहते त्या एडिसनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर.

तर हा डबा मी विकत घेतला कारण आदल्या दिवशी ट्रेनने न्यूयॉर्कला जाऊन मोमामध्ये, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, अँडी वॉरहॉल ह्या अमेरिकन चित्रकाराची कॅम्पबेलच्या डब्यांची ती ३२ चित्रं पाहून आले होते. मोबाइलवर हजारदा पाहिलेली, त्यामुळे वाटलं होतं ठीकच असणार, छापील असतं तसं. पण जवळ गेल्यावर कळतं की ती छापील नाहीत! १९६२ ची आहेत, त्याच्या सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापण्याच्या, आधीची, हाताने रंगवलेली. एकेक साधारण २० बाय १६ इंच. लेबलच्या खालच्या पट्टीत जी छोटी सोनेरी फुलं आहेत ती त्याने ठसा मारून उमटवलीत, आणि कुठे ठसा नीट बसलाय कुठे नाही. आणि खऱ्या डब्यावर मधोमध जे मेडल असायचं, १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनातलं, त्यात बारीक आकृत्या वगैरे असायच्या, तिथे ह्याने नुसता सपाट सोनेरी गोळा ठेवलाय. कंटाळा आला असेल. मी पॅकेजिंगचं इलस्ट्रेशन करते, मसाल्याच्या पाकिटांवर वांगी आणि लाल मिरच्या काढून पोट भरते, मला तो गोळा बघून फार बरं वाटलं. तोही मुळात जाहिरातीतलाच माणूस, न्यूयॉर्कमध्ये बुटांची चित्रं काढून नाव कमावलेला.

३२ का, तर तेव्हा कंपनीचे सूपचे ३२ प्रकार मिळायचे. प्रत्येकाचं एक चित्र, बस. मोमाने ती रांगेत लावलीत आणि सगळ्यात पहिलं, वरचं डावीकडचं, टोमॅटोचं, कारण ते सगळ्यात जुनं. पहिल्यांदा ही चित्रं लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत लागली तेव्हा खाली एक कडा बसवून त्यावर टेकवून ठेवली होती, वाण्याच्या दुकानात फळीवर माल मांडतात ना, तशी. लोक हसले. शेजारच्या एका गॅलरीवाल्याने खिडकीत खरे डबे रचून ठेवले, आमच्याकडे स्वस्त मिळतील म्हणून. चित्राची किंमत होती १०० डॉलर आणि जेमतेम पाच-सहा जणांनी घ्यायची तयारी दाखवली. मग गॅलरीवाल्या अर्विंग ब्लमला वाटलं की हा सेट फोडू नये, त्याने ती विक्री रद्द केली आणि सगळी ३२ स्वतःच १००० डॉलरला घेतली, तीही महिन्याला १०० च्या हप्त्याने. १९९६ मध्ये मोमाकडे गेली ती कोटींच्या हिशेबात. हप्त्यावर घेतलेलं हे ऐकून ताईच्या नवऱ्याला पहिल्यांदा चित्रकलेत रस वाटला.

आता ह्या चित्रांवर लोक खूप लिहितात, भांडवलशाहीची टिंगल आहे, नाही कौतुक आहे, वगैरे वगैरे. पण वॉरहॉललाच विचारलं तेव्हा त्याचं म्हणणं सरळ होतं की मी हे रोज प्यायचो, वीस वर्षं दुपारच्या जेवणाला हेच. आणि त्याची आई ज्युलिया, आजच्या स्लोव्हाकियातल्या खेड्यातून पिट्सबर्गला आलेली, ती रिकामे पत्र्याचे डबे कापून त्याची फुलं करून विकायची. डबा त्याच्या घरातच होता हो. मला बाकीच्या चर्चेपेक्षा हे पटतं.

कारण आपलं बघा ना. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आपण काय काढलं? पितळी तांब्या, मागे चुण्या पाडलेलं कापड, पुढे एक सफरचंद आणि दोन केळी. तो तांब्या शाळेच्या कपाटातून वर्षातून एकदा बाहेर यायचा. पुढे कॉलेजलाही तेच, फक्त कापड महाग झालं. आणि हे सगळं काढत असताना आम्ही खात काय होतो तर मॅगी आणि पार्ले-जी. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर कॉइलवर मॅगी, त्यातच टेबलावर सांडलेली थोडी पोस्टर कलरची पावडर गेली असेल तर देव जाणे. पार्ले-जीचा पुडा तर माझ्या पॅलेटच्या शेजारीच फाडलेला असायचा, चहात बुडवायला, आणि एकदा चुकून ब्रशच्या पाण्यात बुडवलाय मी. पण स्थिरचित्रात त्याला जागा नाही! एकदा वर्गात मी पिवळा पुडा तांब्याशेजारी ठेवला तर सर म्हणाले, डबा खायची सुट्टी अजून झाली नाही. आम्ही सगळे खोखो हसलो, मीही, आणि पुडा उचलून बॅगेत टाकला. अजून आठवतो तो पुडा.

कंपनीचं मात्र मला आवडलं, कोर्टकचेरी केली नाही. १९६४ मध्ये त्यांच्या एका मॅनेजरने वॉरहॉलला पत्र लिहिलं की तुमचं काम आवडतं, तुम्हाला टोमॅटो सूप आवडतं असं कळलं म्हणून दोन खोके पाठवतोय. चित्रकाराला दुपारचं जेवण पाठवलं! आमचे क्लायंट साधं मसाल्याचं पाकीट देत नाहीत, उलट मिरची अजून लाल करा म्हणतात.

दुकानातून मी खरं तर दोन डबे आणले होते. दुसरा चिकन नूडलचा, ते पण त्या ३२ मध्ये आहे. ताईने हातात घेतला, लेबल वाचलं आणि वरच्या फळीवर मागे सारून ठेवला, म्हणाली श्रावण संपू दे. श्रावण संपायच्या आत माझं परतीचं विमान होतं. आत्ता लिहिताना तिला मेसेज केला, तर फोटो आलाय, डबा तिथेच आहे, पुढे पोह्यांची बरणी.