२३ पौंड १६ पेन्स

जूनच्या शेवटी खात्यात २३ पौंड १६ पेन्स आले आणि मी दिवसभर हवेत होते. नवरा म्हणाला, "एवढ्यात लंडनमध्ये दोघांचं धड जेवणही होत नाही." खरंय. पण हे पैसे माझ्या आलापाचे होते, आणि मी कुणाच्या मागे लागले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या अल्बमसाठी मी मागे आलाप गायले होते. तासाभराचं काम, त्याचे पैसे तेव्हाच हातात पडले. चपला घालत होते तेवढ्यात रेकॉर्डिंगवाला मुलगा धावत आला. कागद राहिला म्हणे. त्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे कोण गायलं, कोणी काय वाजवलं, सगळं लिहायचं. मी म्हटलं, अरे, माझं कशाला, मी तर मागे गायलेय. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं आडनावाचं स्पेलिंग विचारलं, लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. पुन्हा विचारलं. दोनदा! आमच्या आडनावाची तर पुण्यातल्या लग्नपत्रिकांवरसुद्धा वाट लागते.

तो कागद पीपीएलकडे जातो. ही इथली १९३४ पासूनची संस्था. रेडिओ, दुकानं, पब, सलून, जिथे रेकॉर्ड वाजते तिथून पैसे गोळा करायचे. खर्च वजा जाता निम्मे रेकॉर्डच्या मालकाला आणि निम्मे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. मागे उभं राहून गाणारीलासुद्धा. हे मी तुम्हाला आधीही सांगितलं असेल. पुन्हा ऐका.

पुण्या-मुंबईत मी सात वर्षं कोरस गायले. पाकीट मिळायचं, सही घ्यायचे ती पैसे पोचल्याची. कव्हरवर गायिकेचं नाव आणि पुढे "व सहकारी". त्यातली दोन भक्तिगीतं आजही गणपतीत वाजतात. भाऊ मांडवातून व्हिडिओ कॉल करतो, मागे स्पीकर कोकलत असतो, आणि मला माझा वरचा सूर ओळखू येतो.

लगेच "तिकडे सगळं छानच" म्हणू नका हं. आमच्या त्या स्टुडिओत चहा, वडापाव, रात्र झाली तर घरापर्यंत सोडायला माणूस, सगळं होतं. इथे चहा स्वतः करून घ्यायचा आणि कपही विसळून ठेवायचा. आणि कायदा आपल्याकडेही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा रॉयल्टीचा हक्क लिहून ठेवलाय. लताबाई आणि रफीसाहेबांचा रॉयल्टीवरून अबोला झाला तो साठच्या दशकात. म्हणजे अक्कल आपल्याला उशिरा आली असं नाही. आपल्याकडे लिहायचा राहून जातो तो कागद.

हे मी ऑफिसात सांगितलं (मी लोकांचे पगार काढते, स्वतःच्या गाण्याचा हिशेब मात्र कधी ठेवला नाही). शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, हे सगळं ब्लॉकचेनवर टाकलं की प्रश्नच मिटला. मला समजलं ते असं: एक वही, जिच्या प्रती असंख्य संगणकांवर. नोंद झाली की कुणाला गुपचूप खोडता येत नाही. नोंदीलाच वाटणीची अट जोडायची: गाण्याचे शंभर आले की कोरसमधल्या प्रत्येकीला दोन, तिथल्या तिथे. जूनची वाट बघायला नको. मला तमाशाचे फड आठवले. उचल घेतलेल्या कलावंताचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि ती वही कलावंताला दिसणार कधी? ही वही ज्याला हवी त्यानं उघडावी. एवढ्यासाठीच मला ती आवडली.

पण मी हिशेबातली बाई, घरी येऊन शोधलंच. इथलीच गायिका इमोजेन हीप हिनं २०१५ मध्ये एक गाणं असं विकून पाहिलं. किंमत ६० सेंट, पैसे आले की सहकलाकारांचा वाटा आपोआप त्यांच्याकडे. वाटणी चोख झाली, पण जमले जेमतेम १३३ डॉलर, कारण गाणं घ्यायचं तर आधी ईथर नावाचं चलन घ्या, मग त्याचं पाकीट उघडा. (पाकीटच!) मला माझ्या २३ पौंडांचा उगाच अभिमान वाटला. पुढे २०१७ मध्ये इंग्लंड, अमेरिका आणि फ्रान्समधल्या तीन मोठ्या रॉयल्टी संस्थांनी मिळून ब्लॉकचेनचाच एक प्रयोग हाती घेतला, तो गाण्याच्या रचनेचा, म्हणजे शब्द-चालीचा, क्रमांक आणि तिच्या रेकॉर्डिंगचा क्रमांक एकमेकांना जोडण्यासाठी. दोन्हींची नोंद वेगवेगळ्या दप्तरांत. ती जुळली नाही की पैसे अडकतात. पैसे आहेत, माणूस सापडत नाही.

आणि स्पेलिंग चुकीचं लिहिलं गेलं, तर ती चूकही न खोडता येणारी. तो चपलांपाशी धावत आलेला मुलगा कुठल्या संगणकात बसवायचा?

आई अजून म्हणते, गाणं सोडून गेलीस. सोडलं नाही, पाकिटावर घरभाडं निघत नव्हतं. तेव्हा मागून असे तेवीस तेवीस आले असते तर राहिले असते का? नसते बहुतेक. व्हिसा आला होता.

परवा कोरसमधल्या जुन्या मैत्रिणीला मेसेज केला. गायक-वादकांची संस्था आता आपल्याकडेही आहे, त्या भक्तिगीतांना कोण कोण होतं ते लिहून काढू. रात्री तिचं उत्तर आलं: "आपण सहा होतो की सात? आणि तू पहिल्या गाण्याला होतीस का गं?"