मॅग्नेटला कान लावून बसलेली माणसं

गेले दोन दिवस एकाच गोष्टीत अडकलोय, ती म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरमधले (अणूपेक्षा लहान कण प्रचंड वेगाने पळवणारं यंत्र) सुपरकंडक्टिंग मॅग्नेट, म्हणजे अतिथंड केल्यावर ज्यांच्या वायरीतून वीज विनाअडथळा वाहते असे चुंबक, चक्क आवाज करतात आणि तो ऐकून त्यांचं दुखणं शोधता येतं! सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या एलएचसी नावाच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये असे 1232 डायपोल, म्हणजे कणांची वाट वळवणारे मॅग्नेट आहेत, प्रत्येक साधारण 15 मीटर लांब, 1.9 केल्विनला (साधारण उणे 271 अंश सेल्सिअस) गार केलेले, आणि आत करंट 11 हजारांहून जास्त अँपिअर. एवढ्या करंटमुळे कॉइलवर, म्हणजे वायरीच्या वेटोळ्यांवर, प्रचंड जोर येतो, मग एखादी वायर केसाएवढी जरी सरकली किंवा काही मॅग्नेटमध्ये वायरी घट्ट धरणाऱ्या इपॉक्सी गोंदाला बारीक तडा गेला तरी तिथे जराशी उष्णता तयार होते, आणि इतक्या थंडीत तेवढीही खूप झाली, तो भाग सुपरकंडक्टर राहतच नाही आणि गरमी पसरत जाते. यालाच क्वेंच म्हणतात.

पण सरकताना, तडकताना टक् असा आवाजही होतो ना! तो पिझो सेन्सर (कंपनाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे) पकडतात, अगदी गॅसच्या लायटरमध्ये असतो त्याच जातीचा स्फटिक. धातूत आवाज सेकंदाला काही किलोमीटर धावतो, त्यामुळे दोन टोकांच्या सेन्सरवर तो किती मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचला यावरून जागा काढायची. क्वेंच शोधायला व्होल्टेज टॅप्स, म्हणजे कॉइलवर जागोजागी व्होल्टेज मोजायची सोय, असतातच म्हणा, पण त्यांच्यासाठी कॉइलला तारा जोडाव्या लागतात, हे सेन्सर बाहेरून चिकटवले की झालं.

गंमत म्हणजे नवा मॅग्नेट पहिल्यांदा चालवताना खूप कुरकुरतो, मग करंट उतरवून पुन्हा चढवला की आधीच्या पातळीपर्यंत बऱ्यापैकी गप्प, त्याच्या पुढे गेलं की परत टकटक सुरू.