वेग वाढला, उडी घटली

ऑक्टोबरमधली बांबोळीची सकाळ. लांब उडीच्या सराव स्पर्धेत सत्तरी तालुक्यातल्या आमच्या सतरा वर्षांच्या मुलाची पहिली उडी फाऊल, तीही तब्बल १२ सेंटिमीटरने. दुसरी ५.९४ मीटर, तिसरी ५.८१. मे महिन्यात हाच मुलगा ६.१८ मारून गेला होता. मधल्या काळात त्याची ३० मीटरची धाव स्पष्ट सुधारली होती. बाजूला उभे असलेले पालक ओरडत होते, "आणखी जोरात धाव!" लांब उडीत याहून निरुपयोगी सल्ला नाही.

गोव्यातल्या पावसाळ्याचा हा हिशेब आहे. जून ते सप्टेंबर खड्ड्यातली वाळू पाणी पिऊन दगडासारखी बसते, धावपट्टी ओली. मग चवथीपर्यंत आणि नंतरही मुलं छपराखाली वजनं उचलतात, पाऊस थांबला की छोट्या धावा मारतात. वेग वाढतो, पण पूर्ण रन-अप, म्हणजे उडीआधीची धाव, घेऊन उडी मारायला मिळत नाही. आणि ऑक्टोबरात सुरुवातीची खूण मात्र मे महिन्यातलीच राहते. इथेही तेच झालं होतं. धाव सुरू करायची खूण, उडी जिथून मारायची त्या फळीपासून ३१.४० मीटरवर, पावलं १६. ती तशीच ठेवली, ही चूक माझी.

वेग वाढला की प्रत्येक पाऊल थोडं लांबतं. पावलामागे ५ सेंटिमीटर धरले तरी सोळा पावलांत ८० सेंटिमीटर होतात. पहिल्या उडीत तो फळीच्या पुढे गेला तो याचमुळे. फाऊल १२ सेंटिमीटरचाच, म्हणजे बहुतेक चूक त्याने धावतानाच गिळली होती. पुढच्या दोन उड्यांत फाऊलच्या धाकाने शेवटची चार पावलं चिरडली, म्हणजे आखूड टाकली. "सर, फळी लवकरच येते," असं तो म्हणाला, आणि ते शब्दशः खरं होतं.

मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण होतं. फळीपासून ११, ६ आणि १ मीटरवर काठ्या रोवल्या होत्या. फोन काठीकडे तिरका बघत असेल तर मोजमाप चुकतं, म्हणून काठी धावपट्टीच्या मध्यरेषेवरच्या बिंदूशी फोनमधून एका सरळ रेषेत दिसेल अशी लावायची. छाती काठी ओलांडते ती फ्रेम मोजायची. मे महिन्यात ११ ते ६ हे अंतर १४३ फ्रेममध्ये, ६ ते १ हे १४५ मध्ये, म्हणजे सेकंदाला ८.४ आणि ८.३ मीटर. आता पहिला टप्पा १३४, दुसरा १४४. म्हणजे ९ मीटरच्या जवळ पोचलेला वेग शेवटच्या पाच मीटरांत पुन्हा ८.३ वर. इतकी मेहनत करून मिळवलेला वेग फळीच्या तोंडाशी ब्रेक लावून संपवला! वर चिरडलेल्या पावलांमुळे उपांत्य पाऊल आखूड पडलं. ते लांब पडायला हवं, कारण तिथेच शरीर खाली बसतं आणि शेवटच्या आखूड पावलावरून वर उठतं.

संध्याकाळी उडी न मारता सहा धावा घेतल्या, सोळावं पाऊल कुठे पडतं ते खडूने मांडलं आणि त्या सहा खुणांची मधली जागा धरली. सुरुवातीची खूण ८५ सेंटिमीटर मागे घेतली. सुरुवात ३२.२५ वर.

दोन दिवसांनी पाय फळीवर नेमका पडला, शेवटचा वेग ८.८. उडी मात्र ६.२२. चित्रात कारण दिसलं: टेकलेल्या पायाचा गुडघा दबत होता. पाय जमिनीला टेकलेला असतो सुमारे ०.१२ सेकंद. ५८ किलोच्या मुलाला तेवढ्यात वर जाण्यासाठी सेकंदाला ३ मीटर वेग मिळवायचा, तर सरासरी जोर त्याच्या वजनाच्या साडेतीन पट लागतो. गती जास्त असेल तर वेळ आणखी कमी मिळतो, आणि पायाला सवय नसेल तर गुडघा दबतो. १९९१ साली टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत कार्ल लुईस माईक पॉवेलपेक्षा थोडा वेगाने आला होता, पण ८.९५ चा विश्वविक्रम पॉवेलचा झाला, तो जास्त चढत्या कोनातून.

मग दोन पावलं कमी केली. एक नाही, दोन; एक काढलं तर सुरुवातीचा पाय बदलतो. चौदा पावलांत वेग ८.६ च्या आसपास, गुडघा ताठ, उपांत्य पाऊल लांब. उडी ६.३८. हवेत साधारण ०.७ सेकंद मिळतात, त्यामुळे आडवा वेग ०.३ ने वाढला की २० सेंटिमीटर मिळावेत. मे महिन्यातल्या ६.१८ वर तंतोतंत तेवढेच मिळाले.

सोळा पावलं परत आणायची आहेत, पण खोक्यावरच्या उड्या आणि एका पायावरचे स्क्वॉट आठ आठवडे झाल्यावर. तोवर दर पंधरा दिवसांनी खूण नव्याने मोजायची. वारा पाठीमागून असेल त्या दिवशी ती थोडी मागे घ्यायची.