घर ताईचं, खिडक्या कौंटीच्या

वसंतात अटलांटाला उतरलात तर आधी भेटते ती पिवळी पूड. पाइनचे परागकण गाड्यांवर, पायऱ्यांवर, पोर्चमधल्या खुर्च्यांवर बसतात. ताई सकाळी पोर्च धुते, दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं.

ताई आणि भावोजींचं घर ड्रुइड हिल्स या जुन्या वसाहतीत आहे. घर १९२० च्या दशकातलं, विटांचं, ओकच्या फळ्यांची जमीन असलेलं. अमेरिकेत जाऊन कोणी एवढं जुनं घर विकत घेतं का, असं आई फोनवर सारखी म्हणायची. मलाही तसंच वाटत होतं. पण पहिल्याच दिवशी भावोजींबरोबर पायी फिरून आले आणि निम्मं उत्तर मिळालं. इथला एकही रस्ता सरळ जात नाही. जमीन जशी चढते-उतरते तसा तो वळतो. घरं रस्त्यापासून बरीच आत, समोर मोठं अंगण, त्यात डॉगवुडची पांढरी फुलं आणि अझेलियाची गुलाबी झुडपं, आणि या सगळ्यांवर सावली धरणारे अवाढव्य ओक.

ही आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांची, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे ते एक शिल्पकार. जोएल हर्ट नावाच्या उद्योजकाने त्यांना १८९० च्या दशकात इथं बोलावलं. ओल्मस्टेड १९०३ मध्ये गेले, पुढचा आराखडा मुलांच्या कंपनीने १९०५ मध्ये पूर्ण केला. हर्टचे पैसे मात्र पुरले नाहीत. १९०८ मध्ये सगळी जमीन ५ लाख डॉलरला घेतली कोका-कोलावाल्या एसा कँडलर यांच्या मंडळींनी. पुढे कँडलर यांनीच १० लाख डॉलर दिले आणि एमरी विद्यापीठ अटलांटात आलं. ताई तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हे घर. शेजारीच क्लिफ्टन रोडवर सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं, मुख्यालय आहे, त्यामुळे सकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिचं वर्णन न केलेलं बरं.

आता खिडक्यांकडे येते. घरातल्या खिडक्या मूळच्या आहेत, वर-खाली सरकणाऱ्या, लाकडी. काचा इतक्या जुन्या की त्यातून समोरचं झाड किंचित हलतं. त्यातल्या दोन वर सरकवल्या की धाडकन खाली यायच्या. भावोजींनी एका शनिवारी चौकटीच्या बाजूची छोटी फळी पेचकसाने काढली. आत भिंतीच्या पोकळीत एक लोखंडी वजन पडलेलं होतं, साधारण मनगटाएवढं जाड, गंजलेलं. दोरीने ते खिडकीला बांधलेलं असतं आणि वरच्या कप्पीवरून जातं. खिडकी वर गेली की वजन खाली येतं, म्हणून ती हवी तिथे थांबते. दोरी कुजून तुटली होती, बस्स. नवी दोरी ओवून गाठ मारली आणि शंभरीला टेकलेली खिडकी एका बोटाने वर गेली. भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्यांना खरं तर त्या सगळ्या काढून प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या बसवायच्या होत्या, उन्हाळ्यात एसीचं बिल कमी येईल म्हणून. ताई म्हणाली, "अहो, घर आपलं आहे, खिडक्या कौंटीच्या आहेत." ड्रुइड हिल्स १९७९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदीत आहे, पण ती नोंद मालकाचा हात धरत नाही. हात धरते ती डिकॅल्ब कौंटीची (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) वारसा समिती. घराच्या बाहेरच्या अंगात काही बदलायचं तर अर्ज करायचा, फोटो आणि नकाशे जोडायचे, सुनावणीला जायचं आणि 'सीओए', म्हणजे बदल वसाहतीला साजेसा असल्याचा दाखला, मिळवायचा. आत स्वयंपाकघर तोडा, न्हाणीघर हलवा, समितीला घेणं-देणं नाही. त्यात वसाहतीचा थोडा भाग अटलांटा शहराच्या हद्दीत, तिथली समिती वेगळी.

बाकीचा खर्च कौंटी विचारत नाही. वाळवीचा वार्षिक करार इथं भाडेकरूसारखा कायमचा असतो. जमिनीखालच्या पोकळीत दमटपणा, १९७८ आधीचं घर म्हणून रंगात शिसं असण्याची शक्यता, आणि वादळी रात्री छपरावर झुकलेला ओक. मालमत्ता कर इथं जॉर्जिया राज्यात बाजारभावाच्या ४० टक्क्यांवर धरतात. स्वतः राहणाऱ्याला सवलत मिळते, पण अर्ज १ एप्रिलच्या आत द्यावा लागतो.

एका संध्याकाळी ताईने जुन्या कागदांची फाइल काढली. त्यात मूळ करारपत्राची प्रत होती. घर रस्त्यापासून अमुक अंतरावर हवं, अमुक रकमेपेक्षा स्वस्त बांधायचं नाही, दुकान चालणार नाही. मी वाचताना मान डोलवत होते, कारण बाहेर जे देखणं दिसतं ते याच अटींमुळे. पुढची अट होती की आफ्रिकी वंशाच्या माणसाला घर विकायचं वा भाड्याने द्यायचं नाही. दक्षिणेतल्या त्या काळच्या कित्येक वसाहतींच्या करारांत हेच आहे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, आणि १९६८ च्या कायद्याने घर नाकारणंच बेकायदा झालं. तोवर इथलं सगळं सौंदर्य फक्त गोऱ्यांच्या वाट्याचं होतं. घरांची आणि माणसांची अट एकाच कागदावर, एकाच टंकलेखनात पाहिली की अंगणाकडे पूर्वीसारखं भाबडेपणाने पाहवत नाही.

तरी समितीच्या बाजूने मी भावोजींशी वाद घातला. १९८० च्या दशकात जॉर्जिया राज्याला इथून मोठा रस्ता न्यायचा होता. रहिवासी कोर्टात गेले, काहींनी पार्कातल्या झाडांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. १९९१ मध्ये तडजोड झाली, रस्ता आखूड झाला आणि वसाहतीच्या अलीकडेच थांबला. आज तो नागरी हक्कांच्या चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या नावाने ओळखला जातो. नियम नसते आणि भांडणारी माणसं नसती तर या अंगणांतून ट्रक गेले असते. भावोजी म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण माझ्या खिडकीने कुणाचा रस्ता अडवलाय?" यावर मला उत्तर सुचलं नाही. ताईने मात्र विषय संपवला. जुन्या खिडक्यांना आतून जादा काच लावायची, ती समितीला विचारावी लागत नाही.

बघायला जाणार असाल तर ओल्मस्टेड लिनिअर पार्कच्या सहाही तुकड्यांतून चाला. शेवटचा डीपडीन, सगळ्यात रानटी. कँडलरच्या मुलाचा कॅलनवुल्ड वाडा आता कलाकेंद्र आहे, तो जरूर पाहा. मार्टाचं (इथल्या मेट्रोचं) स्टेशन वसाहतीत नाही, बस किंवा गाडी धरा. आणि अ‍ॅलर्जी असेल तर गोळ्या बरोबर ठेवा.