मेडोराचं खोरं: भाजलेली माती आणि एक धुराडं

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात बिस्मार्कहून पश्चिमेला दोन तास नुसतं सपाट गवत. मग थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानातल्या, महामार्गालगतच्या पेंटेड कॅन्यनला गाडी लावली, चार पावलं टाकली आणि समोर जमीनच खचलेली. राखाडी, पिवळे, निळसर थर आणि त्यांच्या डोक्यावर लालभडक टोप्या.

त्या लाल दगडाचं कोडं आईने सोडवलं. कोल व्हेन ट्रेलवर तिने वाकून एका तुकड्यावर दुसरा आपटला. खणकन वाजला. "अरे, ही तर खंगर वीट!" तिच्या माहेरी वीटभट्टी होती. खरंच तसंच घडलंय. इथे थराथरांत लिग्नाइट कोळसा आहे. वीज पडून किंवा वणव्याने तो पेटतो, जमिनीखाली वर्षानुवर्षं धुमसतो आणि वरची चिकणमाती भाजून निघते. या वाटेवरचा कोळसा १९५१ ते १९७७ जळत होता! भाजलेला थर पावसाला दाद देत नाही, म्हणून टेकडीचा माथा टिकतो. कच्ची माती लिटल मिझुरी नदी वाहून नेते. ही नदी पूर्वी उत्तरेला जायची. हिमयुगात बर्फाने वाट अडवली, ती पूर्वेला वळली, उतार वाढला आणि खोरं खोल कापलं गेलं.

मेडोरा १८८३ मध्ये मार्की द मोरेस या फ्रेंच उमरावाने वसवलं आणि गावाला बायकोचं नाव दिलं. गुरं इथेच कापून मांस बर्फाच्या डब्यांतून रेल्वेने पूर्वेला पाठवायचं, हा बेत तीन वर्षांत बुडाला. कारखाना १९०७ मध्ये जळाला. विटांचं धुराडं तेवढं उरलंय, आई तिथून हलेना. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट, त्यांची आई आणि पत्नी १४ फेब्रुवारी १८८४ ला एकाच दिवशी वारल्यावर, याच खोऱ्यात गुरं पाळायला आले. १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्यांची निम्म्याहून जास्त गुरं मेली. त्यांची लाकडी केबिन मेडोराच्या व्हिजिटर सेंटरपाशी आहे, चुकवू नका.

पाऊस पडला असेल तर उतारावर जाऊ नका. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला बेंटोनाइट, म्हणजे एक चिकणमाती, भिजला की साबणासारखा होतो. माझा एक बूट त्यात रुतून बसला. गवे रस्त्यावरच येतात, किमान २३ मीटर लांब राहा. उद्यानातून फिरवणाऱ्या लूप रोडचा कुठला भाग बंद आहे का ते आधी विचारा. दगड उचलून नेणं बेकायदेशीर आहे. उद्यानाचा उत्तरेकडचा भाग, नॉर्थ युनिट, सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि तिथलं घड्याळ मेडोराच्या एक तास पुढे, म्हणून लवकर निघा.