ठाण्याचा पाऊस आणि सिंगापूरचे जंगल

भाचीच्या भूगोलाच्या वहीत सध्या हवामान आलेखांची रांग लागली आहे: बारा महिन्यांच्या पावसाचे निळे स्तंभ, त्यांवरून जाणारी तापमानाची लाल रेषा, आणि गावाचे नाव झाकून ‘जीवसंहती ओळखा’ (म्हणजे तिथे वर्षावन, पानझडी वन की वाळवंट, ते सांगा) हा प्रश्न. अशा वेळी मुले आधी वर्षभराच्या पावसाची बेरीज करतात, आणि माझ्या मते नेमके तिथेच फसतात.

आपल्या ठाण्याचेच पाहा. वर्षाचा पाऊस साधारण 2500 मिलिमीटर, सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास. एवढ्यावरून कोणीही सदाहरित वर्षावन म्हणेल. सिंगापूरचे तापमान जवळपास तेवढेच, पाऊस उलट थोडा कमी, तरीही तिथे वर्षावन आहे आणि आपल्या येऊरला साग, ऐन, पळस, काटेसावर असे पानझडी जंगल. सिंगापुरात कोरड्यात कोरड्या महिन्यातही सरासरी 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आटोपतो. महिन्याच्या सरासरी तापमानाची दुप्पट करावी आणि पावसाचे मिलिमीटर त्याहून कमी भरले तर तो महिना कोरडा समजावा, असा एक सोपा नियम आहे. त्या हिशेबाने नोव्हेंबर ते मे असे आपले तब्बल सात महिने कोरडे ठरतात, आणि तेवढा काळ पाने सांभाळणे सागाला परवडत नाही.

याच नियमामुळे सायबेरियातल्या याकुत्स्कचे कोडेही सुटते. जोधपूरला वर्षाला 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस मिळूनही भोवती वाळवंटी झुडपे, तर 250 मिलिमीटरही न मिळणाऱ्या याकुत्स्कला तैगाचे, म्हणजे सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य, कारण तिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे 35 अंशांच्याही खाली जाते, बाष्पीभवन अल्प होते आणि गोठलेली जमीन पाणी खाली मुरू देत नाही. (तिथला लार्च सूचिपर्णी असूनही पाने गाळतो, पण थंडीमुळे.)

रोम आणि ऑस्ट्रेलियातले पर्थ यांचा पाऊस हिवाळ्यातला, म्हणून दोन्हीकडे भूमध्यसागरी झुडपी वने. फक्त पर्थची लाल रेषा जुलैत खाली येते, एवढे ध्यानात ठेवले की गोलार्धही कळतो.

ठाणे खाडीकाठची तिवरे मात्र या आलेखात सापडणार नाहीत, कारण त्यांचे गणित भरती-ओहोटी आणि खाऱ्या पाण्यावर चालते. परीक्षेत ठाण्याचा आलेख आला तर उत्तर पानझडी वने असेच लिहावे.