धुंधुरमासाची गच्ची

आमच्या मंडळाचे वर्षाचे कार्यक्रम म्हणजे गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू. ठाण्यातल्या कुठल्याही मंडळाचे असतात तेच. पण आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये वाढलेल्या कुणालाही लहानपणीचा कार्यक्रम विचारा, तो आधी धुंधुरमासाचं जेवण सांगेल. २२ डिसेंबरच्या जवळचा रविवार धरायचा आणि उजाडायच्या आत सगळ्या बिऱ्हाडांनी गच्चीवर पंगतीला बसायचं. वर्षातला सगळ्यात लहान दिवस आम्ही असा साजरा करायचो.

धुंधुरमास घराघरांत पूर्वापार चालत आलेला. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा. थंडीत पहाटे भूक खवळते, म्हणून सूर्योदयाच्या सुमाराला नैवेद्य दाखवून जेवून घ्यायचं. एकेका घरी होणारं हे जेवण आज्यांनी गच्चीवर नेलं, आणि त्याला दुपारी काठीची सावली मोजण्याची जोड दिली ती शाळेतून निवृत्त झालेल्या, भूगोल शिकवणाऱ्या सरांनी. दिवस सर्वांत लहान होतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. रविवार दोन-तीन दिवस पुढेमागे आला तरी सर खुशाल चालवून घ्यायचे. या दिवसांत सूर्य जागचा हलल्यासारखा वाटतच नाही, मीटरभर काठीच्या दुपारच्या सावलीत फार तर एका मिलिमीटरचा फरक पडतो, असं ते सांगायचे.

खरी धमाल आदल्या संध्याकाळची. बाजरी त्याच दिवशी गिरणीतून दळून आणायची, कारण बाजरीचं पीठ राहिलं की कडवट होतं. आज्या चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पसंती द्यायच्या आणि मगच डबा आत जायचा. भाजी लेकुरवाळी: पावटे, ओले हरभरे, तुरीचे दाणे, वांगी, गाजर, भुईमूग, वर तिळाचं कूट. सोलायचं काम आम्हा मुलांचं. जिन्यात वर्तमानपत्र पसरून आम्ही ओळीनं बसायचो. हरभऱ्याचे घाटे सोलताना बोटांना आंब लागते, खारट-आंबट. ती चाटत चाटत काम चालायचं, आणि जेवढे दाणे पातेल्यात जायचे तेवढेच तोंडात. पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडायच्या, पण दर वर्षी दोन किलो घाटे जास्तच आणायच्या. वडीलमाणसांनाही काम असायचंच. कुणी लोणी काढायचं, कुणी वांगी भाजायचं, आणि आजोबा मंडळींकडे गच्ची धुऊन चटया घालायचं काम.

पहाटे साडेपाचला जिन्यातले दिवे लागायचे. कानटोप्या, शाली, कडेवर झोपलेली बाळं. गच्चीवर दोन शेगड्या पेटलेल्या, तव्यावर तीळ लावलेली भाकरी, मोठ्या पातेल्यात मुगाच्या डाळीची खिचडी. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला की तो आधी कडेनं विरघळतो आणि मधला पांढरा ठिपका थोडा वेळ तसाच राहतो. तेवढ्यात पहिला घास घ्यायचा. ती चव मी पुढे कुठल्याही हॉटेलच्या थाळीत शोधायला गेले नाही. ती मिळायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जेवता जेवता सगळ्यांचं लक्ष खाडीपलीकडे. पंचांगात सूर्योदय सात वाजून आठ मिनिटांच्या आसपास असला तरी पारसिकचा डोंगर आडवा असल्यानं आमच्याकडे सूर्य दहाएक मिनिटं उशिरा यायचा. पाण्याच्या टाकीच्या पायरीवर उभं राहून बघायचं आणि तो जिथून वर येईल तिथे समोरच्या कठड्यावर सर गेरूनं रेघ मारायचे. वर्षभर अधूनमधून त्या रेघा वाढत. जूनची रेघ पार डावीकडे, कळव्याच्या बाजूला, डिसेंबरची सगळ्यात उजवीकडे. तिच्याही उजवीकडे सूर्य कधी गेला नाही. आकृत्यांमधून डोक्यात न शिरलेलं दक्षिणायन-उत्तरायण मला त्या कठड्यानं शिकवलं.

मग घरी जाऊन थोडी झोप काढायची आणि बारा वाजता पुन्हा वर. एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ उभी करायची आणि तिच्या सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खूण करायची. घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे, हे तेव्हाच कळलं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि ठाणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून त्या दिवशी सूर्य आकाशात सगळ्यात वर येतो तो १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमाराला. सावली तेव्हा सगळ्यात आखूड, आणि तरीही वर्षातली सगळ्यात लांब माध्यान्हीची सावली, ९२ सेंटीमीटर. जूनच्या २१ तारखेला तीच काठी जेमतेम सात सेंटीमीटर सावली देते, तीही दक्षिणेला, कारण तेव्हा सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो.

त्या बारा-छत्तीसला घरातल्या माणसांच्या सावल्या आखायचा मान लहान मुलांचा. आजीनं पदर सावरून स्तब्ध उभं राहायचं आणि नातवानं तिच्या पायापासून खडूनं आकृती काढत जायचं. थोड्या वेळानं गच्चीभर माणसं आडवी झालेली. कुणाच्या सावलीला अंबाडा, कुणाच्या सावलीला कडेवरचं मूल. पाच वर्षांच्या मुलाला आणि ऐंशीच्या आजीला एकाच वेळी एकमेकांची गरज पडावी, असा दुसरा कार्यक्रम मी पाहिलेला नाही.

उत्तरायण आता सुरू होतं, मग तिळगूळ आत्ताच का नाही, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. सर न कंटाळता सांगायचे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणाची सुरुवात आणि मकर संक्रांत एकत्रच येत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते आणि आता ती १४-१५ जानेवारीला येते. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र पौषाची १ तारीख २२ डिसेंबरलाच असते. मग सर इराणकडे वळायचे. तिथे वर्षातल्या या सगळ्यात लांब रात्री थोरल्यांच्या घरी सगळे जमतात, डाळिंब आणि कलिंगड खातात, कविता म्हणत जागतात. दुसऱ्या देशातली मुलंही आज आजीकडेच जमलीत, हे ऐकून मला का कोण जाणे फार बरं वाटायचं.

२०२० साली पंगत झाली नाही. करोनाचे दिवस, एकत्र जेवणं शक्यच नव्हतं. पण त्याच २१ डिसेंबरला गुरू आणि शनी आकाशात अवघ्या ०.१ अंशावर आले. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला खाली, साध्या डोळ्यांना जवळजवळ एकच ठिपका दिसत होता. ज्याची त्याची खिडकी, ज्याची त्याची गच्ची, आणि फोनवर सगळे एकदम बोलतायत. सरांचा आवाज तेव्हा खूप थकला होता. गुरू कुठला आणि शनी कुठला, हे त्यांनी प्रत्येक मुलाकडून वदवून घेतलं.

पुढे बिल्डिंग पुनर्विकासात गेली, कठड्यावरच्या रेघाही गेल्या. आता आम्ही जवळच्या शाळेच्या मैदानावर जमतो. तिथून सूर्योदय दिसत नाही, मधे टॉवर आहेत, पण दुपारी ऊन भरपूर असतं आणि तेवढं सावलीला पुरतं. घोडबंदर रोडला राहायला आलेल्या मैत्रिणी विचारतात की डिसेंबरात लहान-मोठ्या सगळ्यांना घेऊन जावं असं काय असतं. मी एवढंच सांगते, जिथे तुमच्या मुलाला आणि सासूबाईंना दोघांनाही हातात काहीतरी काम मिळेल तिथे जा. आणि तसं जवळपास काही नसेल तर सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागून घ्या. खर्च भाकरी-खिचडीचा. काठी आणि खडू असतातच.

मुलांना एक कोडंही द्या. दिवस सर्वांत लहान डिसेंबरात, मग सूर्य सगळ्यात उशिरा जानेवारीच्या मध्यावर का उगवतो आणि सगळ्यात लवकर नोव्हेंबरअखेरीस का मावळतो? पंचांग घेऊन वेळा उतरवायला बसवा. आमच्याकडे यावर दोन भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्यातला धाकटा आता भौतिकशास्त्र शिकवतो.

यंदा मुलांना मे महिन्यातली बिनसावलीची दुपारही हवी आहे. ठाण्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो तो मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. जुलैत पावसाचे ढग, त्यामुळे मे महिनाच धरायचा. सुट्टीत निम्मी मुलं गावाला असतील. त्यांनी तिथेच काठी रोवून आपापली तारीख कळवायची असं ठरलंय. रत्नागिरीकडची तारीख आमच्या आठवडाभर आधी यायला हवी.